अमलची खिडकी

महोत्सवी स्मरणिकेसाठी मुलांच्या शिक्षणाविषयी काही लिहावे, अशी सूचना विश्वस्त मंडळाकडून आली, तेव्हा आम्ही एका नाटकाचा अभ्यास वाचकांपुढे ठेवण्याचे ठरविले. त्याचे कारण सांगितले पाहिजे. आपल्या स्नेहसंमेलनांत मुलांना परप्रांतांची व परदेशांची ओळख करून देण्याचा प्रघात आहे. कोणी पंजाबी फेटा बांधतो, कोणी जपानी छत्री घेऊन येते, मागे ध्वनिमुद्रित गाणे लागते, पालक कौतुकाने टाळ्या वाजवितात. हेतू उत्तम, ह्यात वाद नाही. पण पोशाख उतरविला की तो देशही मुलाच्या अंगावरून उतरतो. जपानातील मूल सकाळी उठून काय करते, त्याची आई काम करताना काय गुणगुणते, आजारी पडल्यावर त्याला कशाचा कंटाळा येतो, ह्यांतील एकही प्रश्न आपल्या मुलाच्या मनात उठलेला नसतो. तेव्हा परक्याच्या जीवनात मुलाचे मन खरोखर शिरते ते कोणत्या वाटेने? आमच्या समजुतीप्रमाणे ह्या प्रश्नाचे सर्वांत चांगले उत्तर रवींद्रनाथ ठाकुरांच्या 'डाकघर' ह्या छोट्या नाटकात आहे. आणि त्या नाटकाचे पुढे जगात जे झाले, त्यात ते आणखी स्पष्ट होते.

'डाकघर' 1911 साली शांतिनिकेतनात लिहिले गेले. त्यापूर्वीच्या नऊ-दहा वर्षांत रवींद्रनाथांच्या घरावर एकामागून एक आघात झाले होते. 1902 मध्ये पत्नी मृणालिनीदेवी गेल्या, 1903 मध्ये कन्या रेणुका, 1905 मध्ये वडील महर्षी देवेंद्रनाथ आणि 1907 मध्ये धाकटा मुलगा शमींद्र. शमी त्या वेळी अकरा वर्षांचा होता. हे ध्यानात ठेवले म्हणजे नाटकातील आजारी मुलगा लेखकाने कोठून आणला, हे निराळे सांगावे लागत नाही.

कथा थोडक्यात अशी. माधव दत्त नावाच्या संसारी गृहस्थाने पत्नीच्या दूरच्या नात्यातील एक पोरका मुलगा सांभाळला आहे. त्याचे नाव अमल. मुलगा आजारी आहे. कविराज ग्रंथांतील वचने सांगून बजावतात, की शरदातील ऊन व वारा दोन्ही ह्याला विषासमान. ह्याला बाहेर सोडू नका. (मराठी मुलांना हा शब्द अडखळवितो. आपल्याकडे कविराज म्हणजे श्रेष्ठ कवी. बंगालीत तो वैद्य. मुले येथे हसतात, आणि हसू द्यावे.) अमल खिडकीशी बसतो. रस्त्याने जो जाईल त्याच्याशी बोलतो. समोर राजाचे नवे डाकघर उघडले आहे, आणि आपल्यालाही एक दिवस राजाचे पत्र येईल, अशी त्याची खात्री होते. गावचा मुखिया त्याची थट्टा करतो. एक कोरा कागद हाती देऊन, हेच राजाचे पत्र, असे सांगतो. म्हातारे ठाकुरदा तोच कागद खरा मानतात. शेवटी राजाचा वैद्य खरोखरच येतो, बंद दारे-खिडक्या उघडावयास लावतो, आणि अमलला झोप लागते.

आता दहीवाल्याचा प्रवेश पाहा. आमच्या मते सर्व नाटकाचे मर्म ह्या एका प्रवेशात आहे. दहीवाला ओरडत चाललेला असतो. अमल त्याला हाक मारतो. दही घ्यावयाचे नाही, जवळ पैसे नाहीत, मग बोलावलेस कशाला, म्हणून दहीवाला त्रासतो. अमल विचारतो, तुम्ही कोठून येता? पांचमुडा डोंगराच्या पायथ्याशी, शामली नदीच्या काठी आमचे गाव, असे उत्तर मिळते. मग अमल ते गाव वर्णू लागतो: जुनी मोठी झाडे, तांबड्या मातीची वाट, डोंगराच्या उतारावर चरणारी गुरे, नदीवरून डोक्यावर घागरी घेऊन येणाऱ्या लाल साड्यांतील बायका. दहीवाला थक्क होतो. तू कधी आला होतास का तेथे? अमल कधीच गेलेला नसतो. मोठा झाल्यावर त्याला पंडित व्हावयाचे नसते. कावड खांद्यावर घेऊन दूरच्या वाटेने दही विकावयाचे असते. म्हणून तो दहीवाल्याजवळ एकच गोष्ट मागतो: ती आरोळी कशी द्यावयाची, ते मला शिकवा. दहीवाला आधी चकित होतो, मग त्याला फुकट दही देऊन जातो; आणि जाताना सांगतो, की दही विकण्यात सुख कसे असते ते मला आज कळले.

ह्या प्रवेशात अमल त्या माणसाची जात, धर्म वा चालीरीती विचारत नाही. तो रस्ता विचारतो, काम विचारतो, आणि कामाचा आवाज स्वतःच्या घशातून काढून पाहू इच्छितो. मूल परक्याच्या आयुष्यात ह्याच दाराने जाते, असे आम्हांस वाटते. आपल्या बडोद्यातील कोणत्याही पोळात दुपारी जाऊन ऐकावे. भंगारवाल्याची वा भाजीवाल्याची आरोळी चार वर्षांचे पोर जशीच्या तशी काढते. आई रागावते. ती त्याच्या शिक्षणाची सुरुवात आहे, हे आपल्या ध्यानी येत नाही. दुसरी गोष्ट ह्याहून महत्त्वाची. अमलच्या ह्या कल्पनेने दहीवाल्याचेही काही तरी बदलते. रोजचे ओझे वाहणाऱ्या माणसाला आपले गाव प्रथमच कोणा दुसऱ्याच्या डोळ्यांनी दिसते. नाते जुळते ते दोन्ही बाजूंनी. केवळ पाहणाऱ्याला आनंद होऊन ज्याच्याकडे पाहिले तो होता तसाच राहिला, तर त्याला नाते म्हणता येणार नाही. ती करमणूक झाली.

हे नाटक बंगालच्या सीमेबाहेर फार लवकर गेले. 1913 च्या मे महिन्यात डब्लिनच्या ॲबी नाट्यगृहात त्याचा इंग्रजी प्रयोग झाला, आणि तो पॅट्रिक पिअर्स ह्यांच्या शाळेच्या मदतीसाठी होता. रवींद्रनाथांना नोबेल पारितोषिक मिळाले ते त्याच वर्षाच्या अखेरीस. धर्मादाय कामासाठी नाटक करण्याची आपली जी रीत आहे, तीत हे नाटक असे सुरुवातीपासूनच बसलेले आहे. 1917 च्या डिसेंबरात कलकत्त्यास काँग्रेसचे अधिवेशन भरले असता जोडासांको येथील ठाकुरवाड्यात प्रयोग झाला. स्वतः रवींद्रनाथ ठाकुरदाच्या भूमिकेत होते, आणि प्रेक्षकांत लोकमान्य टिळक, गांधीजी, ॲनी बेझंट व पंडित मालवीय होते. राजकारणाच्या ऐन धामधुमीत लोकमान्य एका आजारी मुलाचे नाटक पाहावयास बसले होते, ही गोष्ट आपल्या मंडळींपैकी फार थोड्यांस ठाऊक असते.

पण ज्या प्रयोगासाठी आम्ही हा लेख लिहीत आहो, तो पोलंडची राजधानी वॉर्सा येथे झाला. त्याची हकीगत नीट समजण्यासाठी प्रथम एका डॉक्टराची ओळख करून घेतली पाहिजे.

यानुश कोरचाक हे त्यांचे लेखनातील नाव; खरे नाव हेन्रिक गोल्डश्मिट. ज्यू कुळातील हे गृहस्थ मुलांचे डॉक्टर होते, आणि चालू वैद्यकी बाजूस ठेवून त्यांनी अनाथ मुलांचा संसार पत्करला. 1912 साली क्रोखमाल्ना रस्त्यावर त्यांचे अनाथगृह सुरू झाले. स्टेफानिया विल्चिन्स्का नावाच्या बाईंनी ते त्यांच्या बरोबरीने चालविले. वसतिगृहे चालविणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांना ह्या संस्थेची व्यवस्था मुद्दाम अभ्यासण्यासारखी वाटेल. मुलांचे स्वतःचे न्यायालय होते, मुलेच न्यायाधीश. त्याच्या कायद्यात शिक्षेच्या कलमांपेक्षा क्षमेची कलमे कितीतरी अधिक होती, आणि खुद्द कोरचाकांवरही तेथे फिर्याद होऊ शके व होई. 1926 पासून मुलांनी लिहिलेले एक वृत्तपत्र कोरचाकांच्या पुढाकाराने एका दैनिकाची पुरवणी म्हणून निघू लागले.

लेखक म्हणूनही त्यांना मोठी मान्यता होती. 'राजा माट पहिला' ही त्यांची बालकादंबरी 1923 च्या सुमाराची. तीत बालवयात गादीवर आलेल्या राजाची आफ्रिकेतील एका राजाशी मैत्री होते, आणि त्या राजाची क्लू-क्लू नावाची मुलगी माटच्या राजधानीत येऊन राहते. खरे सांगावयाचे तर ह्या कादंबरीतील आफ्रिका आज वाचवत नाही. नरमांसभक्षक राजे आणि सोन्याच्या राशी, असे ते त्या काळच्या युरोपाच्या ठोकळेबाज समजुतींतून उचललेले चित्र आहे. मात्र क्लू-क्लू त्या चित्रात मावत नाही. ती हुशार आहे, धीट आहे, आणि माटच्या देशातील रीती तिला जशा दिसतात तशा ती बोलून दाखविते. कोरचाकांसारख्या माणसाची कल्पनाशक्ती देश रंगविताना अडखळली आणि मूल रंगविताना अडखळली नाही, हे आम्हांस फार बोलके वाटते.

1939 च्या सप्टेंबरात जर्मनीने पोलंडवर हल्ला केला. 1940 च्या नोव्हेंबरात वॉर्सातील ज्यू वस्तीभोवती भिंत घालून ती बंद करण्यात आली. तीन-साडेतीन चौरस किलोमीटरांत चार लाखांहून अधिक माणसे कोंडली गेली. अनाथगृहालाही आपली इमारत सोडून भिंतीच्या आत यावे लागले. मुले सुमारे दोनशे. कोरचाक साठी ओलांडलेले, आजारी. रोज पिशवी घेऊन बाहेर पडत आणि दारोदार फिरून मुलांसाठी अन्न मागत. उपासमारीने व तापाने रस्त्यांत प्रेते पडत असत.

त्या काळात ते दैनंदिनी लिहीत होते. ती मागे राहिली व युद्धानंतर प्रसिद्ध झाली. तीत मुलांनी लिहिलेल्या एका अर्जाची नोंद आहे. भिंतीच्या आत एक ख्रिस्ती देऊळ होते आणि त्याला लहानशी बाग होती. काही मुलांनी तेथील धर्मगुरूंना लिहिले, की शनिवारी सकाळी आम्हांला बागेत येऊ द्यावे. आम्हांला थोडी हवा व हिरवळ हवी आहे, आमच्या जागेत दाटी फार आहे. आम्ही झाडांची नासधूस करणार नाही. दुसऱ्या धर्माच्या देवळाच्या दाराशी ज्यू मुलांनी केलेली ही विनंती, आणि मागणे काय, तर झाडे व मोकळी हवा. 'डाकघर' वाचलेल्या माणसाला येथे थांबावे लागते. अमलचे मागणे ह्याहून निराळे नव्हते.

ह्याच मुलांकडून 'डाकघर' बसविण्याचे कोरचाकांनी ठरविले. एस्तेर्का विनोग्रोन ही संस्थेत मदतीस येणारी तरुण विद्यार्थिनी. तिने दिग्दर्शन केले. शनिवार, 18 जुलै 1942 रोजी प्रयोग झाला. मोठी माणसे निमंत्रणावरून आली. भिंतीच्या आत, पोलिश भाषेत, ज्यू मुले बंगालच्या खेड्यातील दहीवाला, पहारेकरी, फुले वेचणारी सुधा आणि राजदूत झाली. हेच नाटक का, असे कोणी विचारता, मुलांना मृत्यूकडे शांतपणे पाहता यावे म्हणून, अशा आशयाचे उत्तर कोरचाकांनी दिले असे सांगतात.

प्रयोगानंतर चौथ्या दिवशी, 22 जुलैला, वस्तीतील माणसे आगगाडीत भरून नेण्यास प्रारंभ झाला. एस्तेर्का थोड्याच दिवसांत पकडली गेली. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात अनाथगृहाची पाळी आली. कोरचाक, विल्चिन्स्काबाई व इतर काही सेवक मुलांबरोबर चालत स्थानकावर गेले. स्वतःपुरते सुटण्याचे मार्ग कोरचाकांपुढे ह्याआधी अनेकदा आले होते. ते त्यांनी घेतले नाहीत. गाडी सुमारे 80 किलोमीटरांवरील त्रेब्लिंका येथे गेली. त्या दिवशी नेलेल्या मुलांपैकी कोणी परतले नाही. त्रेब्लिंकाच्या स्मारकात हजारो शिळा उभ्या आहेत. त्यांतील काहींवर गावांची नावे आहेत. व्यक्तीचे नाव असलेली शिळा एकच: यानुश कोरचाक आणि मुले.

ह्या प्रसंगावर पुष्कळदा फार अलंकारिक लिहिले जाते. कलेने मृत्यूवर विजय मिळविला, वगैरे. आम्हांस ते पटत नाही. नाटकाने एकही जीव वाचला नाही. ते वाचविण्याचे काम नाटकाचे नव्हते, ते ज्या मोठ्या राष्ट्रांचे होते त्यांनी वेळेवर केले नाही. नाटकाने जे केले ते लहान होते, पण खोटे नव्हते. कोंडलेल्या मुलांना त्याने एक सोबती दिला. तो हजारो मैलांवरचा, ज्याच्या भाषेतील एक शब्द त्यांना येत नव्हता असा. पण खिडकीशी बसून बाहेरच्याला हाक मारणे म्हणजे काय, हे त्याला ठाऊक होते. मुलांनी त्याचे नाव घेतले व त्याची वाक्ये म्हटली. शमी गेल्यानंतर एका बापाने लिहिलेला मुलगा असा वॉर्साच्या पोरक्या मुलांत जाऊन बसला.

येथे एक गोष्ट नजरेआड होऊ नये. वॉर्सात अमलचा आडाम झाला नाही, आणि माधव, सुधा हेही तेच राहिले. डोंगर पांचमुडाच राहिला. आपल्याकडे लहान मुलांसाठी परदेशी गोष्टी आणताना बहुधा ह्याच्या उलट केले जाते. साने गुरुजींनी 'सायलस मार्नर' ह्या इंग्रजी कादंबरीवरून 'मनूबाबा' लिहिले आणि त्या विणकराला आपल्या मातीतला केला. ते पुस्तक वाचून रडलेली पिढी आपल्या घराघरांत आहे, आणि त्या रूपांतराची योग्यता आम्ही कमी लेखीत नाही. एका परक्या माणसाचे दुःख ह्या मार्गाने मुलापर्यंत निश्चित पोहोचते. पण तो माणूस परका होता, ही गोष्ट मात्र मुलाला कळतच नाही. आपल्यासारखा दिसणाऱ्याविषयी त्याला माया वाटते. आपल्यासारखा न दिसणाराही आपलाच, हा अनुभव त्याच्या वाट्याला येत नाही. लहान वयात रूपांतर चालेल, किंबहुना तेच बरे. मूल आठ-नऊ वर्षांचे झाले, की परकी नावे, परके पदार्थ, परक्या ऋतूंची नावे तशीच त्याच्या पुढे ठेवावी. थोडे अडेल. अडले म्हणजे ते विचारील. आणि विचारणे हेच अमलचे सर्व भांडवल होते.

पोलंडमधील मुलांची कथा वॉर्साच्या भिंतीशी संपत नाही. तिचा दुसरा धागा थेट आपल्या गुजरातेत व महाराष्ट्रात येतो, आणि तेथे प्रवास उलट दिशेने झाला. वॉर्साच्या मुलांनी हिंदुस्थान मनाने गाठला. ह्या दुसऱ्या मुलांना तो न कल्पिताच पाहावा लागला.

1940 व 41 मध्ये रशियाने पूर्व पोलंडमधील लाखो माणसे सैबेरिया व मध्य आशियात नेऊन टाकली. थंडीने, भुकेने पुष्कळ मेली. 1941 मध्ये जर्मनीने रशियावरच स्वारी केली, तेव्हा ह्या कैद्यांना मोकळीक मिळाली. पण जाणार कोठे? अनेक मुलांचे आईबाप वाटेत गेलेले. अशा वेळी नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी ह्यांनी मुलांना आश्रय देऊ केला. 1942 साली पहिल्या तुकड्या इराण व क्वेट्यावरून मालमोटारींनी व आगगाडीने आल्या. काही महिने मुंबईस वांद्र्यात राहिल्या. मग जामनगरजवळ समुद्रकाठी बालाचडी येथे छावणी उभी राहिली. खर्चासाठी संस्थानिकांनी व इतर देणगीदारांनी निधी जमविला. धर्मादायाच्या इतिहासात ह्या निधीची नोंद असावयास हवी तितकी आढळत नाही.

जामसाहेबांनी मुलांना सांगितले, की तुम्ही आता पोरकी नाही, नवानगरच्या प्रजेचा मी बापू आहे तसा तुमचाही. ह्या शब्दांइतकीच त्यांची पुढील वागणूक आम्हांस मोलाची वाटते. मुलांना त्यांनी गुजराती बनविण्याचा यत्न केला नाही. त्यांची शाळा पोलिश, प्रार्थना त्यांची, सण त्यांचे, नाटके व नाचही त्यांचे. ते पाहावयास जामसाहेब स्वतः येऊन बसत. छावणीत राहिलेल्यांच्या आठवणींत पालकाच्या भाजीची एक मौजेची हकीगत आहे. ती भाजी मुलांना मुळीच आवडेना. त्यांनी जणू संपच पुकारला. जामसाहेबांच्या कानी गोष्ट गेली, आणि पालक बंद झाला. आपल्या वसतिगृहांतील भोजनप्रमुखांना हा निर्णय पसंत पडेल असे नाही! पण ज्या मुलांच्या शब्दाला दोन वर्षे कोणी किंमत दिली नव्हती, त्यांना ह्या एका गोष्टीने आपण घरात आहो असे वाटले असेल, तर भाजीचा हा तोटा फार मोठा नव्हे.

1943 साली कोल्हापूरजवळ वळिवडे येथे ह्याहून बरीच मोठी वसाहत झाली. सुमारे 5,000 पोलिश लोक, त्यांत बायका व मुलेच अधिक, पंचगंगेच्या परिसरात 1948 पर्यंत राहिले. 1946 मध्ये बालाचडीची छावणी बंद झाल्यावर तेथील मुलेही वळिवड्यास आली. शाळा, रुग्णालय, चर्च, नाट्यगृह, असे एक पोलिश गावच कोल्हापूरच्या शिवारात वसले होते. त्यांतील एका मुलीने पुढे कोल्हापुरातच संसार थाटला आणि मराठी नाव धारण केले. वसाहत उठल्यावर त्या जागी फाळणीत घरदार गमावून आलेल्या सिंधी बांधवांना वसविण्यात आले. आजचे गांधीनगर ते हेच. एका निर्वासितांच्या चुलीवर दुसऱ्या निर्वासितांनी भांडे ठेवले.

ह्या मुलांना हिंदुस्थानची ओळख करून देण्यात वांडा दिनोव्स्का ह्या पोलिश बाईंचा मोठा वाटा होता. त्या 1935 मध्ये येथे आल्या. गांधीजींनी त्यांचे नाव उमादेवी ठेवले. पोलिश मुलांना त्या येथील तीर्थे, आश्रम, खेडी दाखवीत, आणि 1944 साली मॉरिस फ्रीडमन ह्यांच्यासह त्यांनी पोलिश-भारतीय ग्रंथमाला काढून दोन्ही साहित्यांची एकमेकांस ओळख करून दिली. हे फ्रीडमन मूळचे वॉर्साचेच, आणि आपल्या औंध संस्थानाशी त्यांचा निकटचा संबंध होता. राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी 1939 साली प्रजेला जे स्वराज्य दिले, त्याच्या घडणीत व स्वतंत्रपूरच्या मुक्त तुरुंगाच्या प्रयोगात त्यांचा हात होता. उमादेवींनी उत्तरायुष्यात तिबेटहून आलेल्या निर्वासित मुलांची सेवा केली. पोलिश मुलांकडून तिबेटी मुलांकडे जाण्यास त्यांना निराळा रस्ता शोधावा लागला नाही.

बालाचडी-वळिवड्याची मुले पुढे पोलंड, इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया अशी पांगली. म्हातारपणी त्यांतील कित्येक पुन्हा येऊन गेली. बालाचडीस आता सैनिक शाळा आहे. वॉर्सात जामसाहेबांच्या नावाचा चौक आहे व एक शाळाही. आणि कोल्हापूरच्या उपकाराचे स्मरण म्हणूनही त्या शहरात एक स्मारक उभे आहे. ज्या वॉर्सात अमलचे नाटक झाले, तेथेच.

आता आपल्याकडे काय करता येईल, ह्याविषयी थोडे. येत्या महोत्सवात मुलांकडून 'डाकघर' करवावे, अशी आमची सूचना आहे. आपली मुले मराठी बोलतात, गुजरातीत खेळतात, इंग्रजीत शिकतात. तीन-चार पिढ्या आपण ह्या नगरीत आहो आणि घरात अजून 'देशावर जाऊन येतो' असे म्हणतो. खिडकीतून दुसऱ्याची वाट पाहणे आपल्या मुलांस नवे नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी येथे मुलांसाठी बालज्ञानमाला काढून जगाची माहिती मराठी व गुजराती घरांत पोहोचविली. ती पुस्तके अजून काही कपाटांत असतील; पालकांनी शोधून पाहावीत.

प्रयोगाचा खर्च जवळजवळ नाही. एक खाट, एक खिडकी, एक कावड, एक घंटा, एक कोरा कागद. नावे बदलू नयेत. कविराजाला वैद्यबुवा करू नये. अमलला खोकावयास किंवा रडावयास शिकवू नये. तो मुलगा सर्व नाटकभर आनंदात असतो, आणि मोठ्यांनाच ते सोसत नाही. तालमीपूर्वी प्रत्येक मुलाने ज्याचे काम त्याला करावयाचे आहे अशा एका खऱ्या माणसाशी जाऊन बोलावे: दूधवाला, रात्रपाळीचा पहारेकरी, टपाल वाटणारा. आज पत्रे कमी झाली असली तरी टपाल वाटणारी मंडळी अजून दारावर येतात, आणि ती कोठून निघतात, दिवसाला किती जिने चढतात, हे आपल्यापैकी किती जणांनी विचारले आहे? मुलांना विचारू द्यावे. मोठ्यांनी मध्ये बोलू नये. वसतिगृहातील बाहेरगावच्या मुलांना खिडकीबाहेरच्या भूमिका द्याव्या व गावातील मुलांना आतल्या, आणि दुसऱ्या प्रयोगास त्यांची अदलाबदल करावी. तालमी निदान सहा आठवडे आधी सुरू व्हाव्या. आठवड्यातून दोन संध्याकाळी पुरेत.

सुधेचे काम सर्वांत लहान मुलीला द्यावे. ती शेवटी फुले घेऊन येते, तेव्हा अमल झोपलेला असतो. ती त्याच्यासाठी निरोप ठेवते. ही फुले कागदाची नसावीत. खंडेराव मार्केटात सकाळी लवकर गेल्यास हंगामाप्रमाणे झेंडू, शेवंती, मोगरा मिळतो. मुलांनीच जाऊन आणावीत, आणि फुलवालीला तिचे गाव विचारून यावे.